न रंगवितां आलेला उठाव

स्वच्छ पाण्यांत कांचेचा तुकडा पडला, तर तो हाताला लागतो. पण डोळ्यांना सहज दिसत नाहीं. १९३१ सालीं बर्लिनमध्यें क्नोल व रुस्का यांनीं इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची पहिली मांडणी उभारली, आणि पुढें जीवशास्त्रज्ञांपुढें हीच अडचण उभी राहिली. सजीवांचें शरीर कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजन, नायट्रोजन अशा हलक्या मूलद्रव्यांचें. इलेक्ट्रॉन त्यांतून बहुतेक सरळ पार होतात, आणि चित्राला उठाव येत नाहीं. झोत वाढवावा, तर नाजूक पदार्थच नासून जातो.

यावर उपाय निघाला तो जड धातूंचा. १९५९ मध्यें ब्रेनर व हॉर्न यांनीं विषाणूंभोंवतीं टंगस्टनयुक्त क्षार वाळवून त्यांच्या आकृति रेखीवपणें उमटविल्या. परंतु असें चित्र म्हणजे मूर्ति नव्हे, मूर्तीचा सांचा होय!

खरी वाट आधींच दुसऱ्या दालनांत सांपडली होती. हॉलंडमधील झेर्निके यांनीं दाखविलें कीं, पारदर्शक पदार्थ प्रकाश गिळीत नसला, तरी त्याच्या तरंगांचीं पावलें मागेंपुढें करतो. वाटेंत योग्य तबकडी ठेविली, कीं हा फरक छायाप्रकाशांत उतरतो. या शोधाबद्दल त्यांस १९५३ चें नोबेल पारितोषिक मिळालें. इलेक्ट्रॉनहि तरंगरूपानें वागतात; तेव्हां त्यांच्या वाटेंतहि तशीच तबकडी ठेवावी, असें बोर्श यांनीं १९४७ मध्येंच सुचविलें. पण ती घडवावी कशी? तोंवर भिंगाचा नेम मुद्दाम किंचित् चुकवून उठाव मिळवीत. त्यांत स्थूल बाह्यरेषा मात्र फिकट पडत.

१९८१ मध्यें हायडेलबर्ग येथें द्युबोशे व मॅकडॉवल यांनीं पाणी इतक्या वेगानें गोठविलें, कीं स्फटिक न होतां तें कांचेसारखें राहिलें. १९८४ मध्यें अशा पाण्यांतील विषाणु कोणताहि लेप न देतां पाहण्यांत आले. धातु सुटला, उठावाची निकड वाढली. २००१ मध्यें जपानांत दानेव व नागायामा यांनीं मध्यभागीं छिद्र असलेली कार्बनची चकती प्रत्यक्ष चालवून दाखविली. २०१४ मध्यें दानेव व त्यांचे जर्मनींतील सहकारी यांनीं छिद्रहि वगळलें. तापविलेल्या अखंड पापुद्र्यावर इलेक्ट्रॉनांचा झोत स्वतःच आवश्यक तो फरक घडवूं लागला. २०१७ मध्यें या रीतीनें रक्तांतील हिमोग्लोबिनचा लहानसा रेणु ३.२ अँगस्ट्रॉमपर्यंत स्पष्ट झाला.

नवलाची गोष्ट अशी कीं, २०१९ मध्यें अमेरिकेंत तोच रेणु तबकडीवांचूनहि तितकाच स्पष्ट करण्यांत आला. साधनें बदलतात; वस्तूवर आपला रंग न चढवितां तिचें रूप तिच्याकडूनच जाणून घ्यावें, हा आग्रह मात्र टिकून राहिला.