तळटीप ३४ : ऑक्झेंडनचा राहिरीपर्यंतचा रस्ता

३४. राहिरी म्हणजे रायगड. उंची समुद्रसपाटीपासून सुमारे ८२० मीटर. इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झेंडन मे १६७४ मध्ये मुंबईहून समुद्रमार्गे चौलला आला. तिथून कुंडलिकेच्या खाडीतून होडीने रोह्याजवळच्या अष्टमीपर्यंत आणि पुढे निजामपूर, गांगवलीवरून पाचाडला. शिवाजी महाराज प्रतापगडाला गेल्यामुळे त्याला पायथ्याशीच थांबावे लागले. ६ जूनला, राज्याभिषेकाच्या दिवशी, राजवाड्याच्या दाराशी दोन बाजूंना दोन लहान हत्ती उभे असलेले त्याने पाहिले. इतक्या अवघड वाटेने ते वर आणले कसे, हे त्याला उमगेना. त्याच्या नोंदींतली ही सर्वांत मोलाची वाटते, कारण गड चढून गेलेल्या प्रत्येकाला हाच प्रश्न पडतो. गडावरचा वारा-पाऊस सोसवत नसल्याने जिजाऊ पाचाडच्या वाड्यात राहत. राज्याभिषेकानंतर अवघ्या ११ दिवसांनी तिथेच त्यांचे निधन झाले. त्यांची समाधी पाहिल्याशिवाय वर जाऊ नये. गडावर नगारखाना, बाजारपेठ, गंगासागर, टकमक टोक सारेच पाहावे. जगदीश्वराच्या पायरीवर गड बांधणाऱ्या हिरोजीचे नाव कोरले आहे, ते वाकून वाचावे. हिरकणीवाडीतून १९९६ पासून रोपवे आहे, पण त्याने गेल्यास महादरवाजा वाटेत लागत नाही.