खराब ब्लॉकची कुळकथा

एक गिगाबिटची नॅन्ड फ्लॅश चिप कारखान्यातून कोरी बाहेर पडते तेव्हाही ती पूर्ण निर्दोष असेलच असं नाही. तिच्यात १०२४ ब्लॉक असतात आणि उत्पादक हमी देतो ती किमान १००४ ब्लॉकची. वीसपर्यंत ब्लॉक खराब निघाले तरी माल चोख मानला जातो. यात लपवाछपवी काही नसते. चिपच्या माहितीपत्रकात हे आकडे स्वच्छ छापलेले असतात. सातबाऱ्यावर पोटखराब्याचं क्षेत्र वेगळं दाखवतात, तशीच ही नोंद. ती ठेवायची कुठे, वाचायची कोणी आणि वाचता आली नाही तर पुढे काय, या तीन प्रश्नांची उत्तरं शोधता शोधता हे सगळं तंत्र उभं राहिलं.

प्रश्न फ्लॅशच्याही आधीचे आहेत. चुंबकीय डिस्कच्या पृष्ठभागावर डाग असायचेच. जुन्या हार्ड डिस्कवर खराब ट्रॅकची यादी छापलेलं लेबल चिकटवलेलं असे आणि डिस्क तयार करणारा माणूस ते आकडे हाताने संगणकाला सांगे. डेक कंपनीच्या '१४४' नावाच्या मानकाने ही यादी खुद्द डिस्कवर नेली. शेवटच्या ट्रॅकवर तिच्या एकसारख्या पाच प्रती लिहिल्या जात, कारण यादीच ज्या सेक्टरवर आहे तोच बिघडला तर सगळंच संपलं. डॉसच्या फॅट पद्धतीत खराब क्लस्टरसाठी खास आकडा राखून ठेवला गेला, तर लिनक्सच्या एक्स्ट२ फाइल सिस्टिमने पहिला आयनोड खराब ब्लॉकांच्या नावे केला. दोष काढून टाकता येत नाही, त्याची नोंद मात्र पक्की ठेवता येते, हा धडा डिस्कवाल्यांनी गिरवून ठेवला होता.

फ्लॅश जन्माला आली तोशिबा कंपनीत. फुजिओ मासुओका यांनी १९८४ साली फ्लॅश मेमरी जगासमोर मांडली आणि १९८७ मध्ये तिची नॅन्ड ही जात. नॅन्डमध्ये मेमरीचे घटक एकामागोमाग साखळीत जोडलेले असल्याने कमी जागेत जास्त साठा मावतो आणि चिप स्वस्त पडते. पण त्या स्वस्ताईला अटी होत्या. लिहिताना बिट १ वरून ० वर जातो. पुन्हा १ करायचा तर पूर्ण ब्लॉक पुसावा लागतो. पुसून पुसून ब्लॉक झिजतो. सुरुवातीच्या चांगल्या चिपांचं आयुष्य साधारण एक लाख वेळा पुसण्याइतकं मानलं जाई. शिवाय जन्मतःच खराब ब्लॉक असलेल्या चिपाही विकायला परवानगी असेल तरच किंमत खाली राहणार होती.

मग नोंद ठेवायची कुठे? उत्तर चिपच्या रचनेतच सापडलं. ब्लॉकमधल्या २०४८ बाइटच्या प्रत्येक पानाला ६४ बाइटचा जास्तीचा पट्टा जोडलेला असतो. चुका शोधून दुरुस्त करण्याचे आकडे तिथेच राहतात. अशा अनेक चिपांत कारखान्यातली चाचणी ब्लॉक खराब ठरवते तेव्हा त्याच्या पहिल्या किंवा दुसऱ्या पानावर, या पट्ट्याच्या पहिल्याच बाइटमध्ये खूण केली जाते. तो बाइट 'एफएफ' असेल तर ब्लॉक चांगला. दुसरं काहीही असेल तर त्याच्या वाटेला जायचं नाही. इथेच मोठा धोका आहे. ब्लॉक पुसला की ती खूणही पुसली जाते. कारखान्याने वेगळ्या तापमानाला, वेगळ्या विद्युतदाबाला तपासून ठरवलेला दोष आपल्या टेबलावर पुन्हा दिसेलच असं नाही.

इथून घराण्याच्या दोन शाखा झाल्या. पहिली इस्रायलच्या एम-सिस्टिम्सची. तिथल्या अमीर बान यांनी १९९३ मध्ये पेटंटसाठी मांडलेली कल्पना अशी, की संगणकाला फ्लॅश साध्या डिस्कसारखी दिसावी आणि आतले पत्ते मधल्या थराने गुपचूप बदलत राहावेत. आजचे पेनड्राइव्ह, मेमरी कार्ड, एसएसडी याच शाखेतले. खराब ब्लॉकची नोंद आतल्या कंट्रोलरकडे असते आणि आपल्याला तिचा पत्ताही लागत नाही.

दुसऱ्या शाखेने सगळं उघड्यावर ठेवलं. स्वीडनच्या ॲक्सिस कम्युनिकेशन्सने १९९९ मध्ये लिनक्ससाठी जेएफएफएस ही फाइल सिस्टिम आणली आणि रेड हॅटमध्ये डेव्हिड वुडहाउस यांनी २००१ मध्ये तिची दुसरी आवृत्ती घडवली. तिची रीत जुनं खोडायचं नाही, नवं पुढे लिहीत जायचं अशी. प्रत्येक नोंदीच्या डोक्यावर हेक्साडेसिमल १९८५ ही खूणसंख्या आणि सोबत सीआरसीची बेरीज. मधेच वीज गेली तर अर्धवट नोंदीची बेरीज जुळत नाही आणि ती नोंद आपोआप बाद होते. पण माउंट करताना, म्हणजे फाइल सिस्टिम वापरासाठी जोडून घेताना, चिपचा सगळा मजकूर धुंडाळावा लागे. चिप मोठी होत गेली तसा हा वेळ आणि त्यासाठी लागणारी मेमरी वाढत गेली. २००२ साली न्यूझीलंडच्या चार्ल्स मॅनिंग यांनी खास नॅन्डसाठी याफ्स लिहिली. तिची दुसरी आवृत्ती पुढे सुरुवातीच्या अँड्रॉइड फोनांत पोचली.

२००७ मध्ये लिनक्स कर्नलमध्ये यूबीआय नावाचा मधला थर आला आणि पुढच्याच वर्षी त्याच्यावर बसणारी यूबीआयएफएस. यूबीआयने खराब ब्लॉकची जबाबदारी फाइल सिस्टिमच्या डोक्यावरून उतरवली. एखाद्या ब्लॉकवर लिहिणं फसलं की तो आधी मजकूर दुसरीकडे हलवतो आणि मग संशयिताची कसून परीक्षा घेतो. ब्लॉक पुसायचा, सगळे बिट १ झाले का पाहायचं, 'ए५' हा नमुना भरून परत वाचायचा. मग '५ए', मग शून्य. एकदा जरी चूक निघाली तरी ब्लॉक कायमचा बाद, आणि राखीव साठ्यातला एक त्याच्या जागी. राखीव साठा संपला तर यूबीआय लिहिणं बंद करून केवळ वाचू देतो. वापरणाऱ्याला ही अडवणूक वाटते, पण उरलेला मजकूर वाचवण्याचा त्याहून प्रामाणिक मार्ग नाही.

माउंटची चूक किती महागात पडू शकते, हे मंगळावर दिसलं. ४ जानेवारी २००४ रोजी उतरलेली नासाची स्पिरिट गाडी २१ जानेवारीला अचानक भरकटल्यासारखी वागू लागली. तिच्या २५६ मेगाबाइट फ्लॅशवर फाइलींचा ढीग साचला होता. डॉस पद्धतीची फाइल सिस्टिम माउंट होताना सगळ्या निर्देशिका मेमरीत ओढून घेई. मेमरी पुरेना, माउंट फसे, संगणक पुन्हा सुरू होई आणि पुन्हा माउंट करू पाही. साठहून अधिक वेळा हेच घडलं. गाडी रात्री झोपेना आणि बॅटरी उतरत चालली. ती वाचली, कारण जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीच्या इंजिनिअरांनी फ्लॅशला हात न लावता, केवळ मेमरीच्या बळावर सुरू होण्याची एक आज्ञा आधीच ठेवली होती. 'इनिट क्रिपल्ड' असं तिचं नाव. गाडी शांत झाल्यावर फाइली साफ केल्या आणि फेब्रुवारीत फ्लॅश नव्याने फॉरमॅट केली.

तिची जुळी बहीण ऑपर्च्युनिटी दहा वर्षांनी खऱ्या झिजेला सामोरी गेली. २०१४ मध्ये तिला दिवसभराचं काही आठवेनासं झालं. तपासात फ्लॅशच्या सातपैकी सातवी बँक संशयित ठरली. २०१५ मध्ये ती बँक वगळून उरलेल्या सहा फॉरमॅट केल्या गेल्या. विस्मरण पुरतं थांबलं नाही, पण झोपण्याआधी त्या दिवसाची माहिती पाठवून टाकत गाडी २०१८ च्या जूनपर्यंत काम करत राहिली. लेबलावरच्या यादीपासून निघालेला हा वारसा, वाईट तेवढं बाजूला ठेवून चालत राहण्याचा.

हा वारसा सांभाळणं आता आपल्या हाती आहे. बोर्डावर काम करणाऱ्यांनी यू-बूटमधली 'नॅन्ड स्क्रब' ही आज्ञा सहज देऊ नये. तिने कारखान्याच्या खुणा पुसल्या जातात आणि त्या परत मिळवण्याची खात्रीची वाट नाही. आणि घरातलं कार्ड किंवा पेनड्राइव्ह माउंट होत नसेल, तर पडद्यावर आलेल्या 'फॉरमॅट करू का?' या प्रश्नाला घाईने होकार देऊ नका. आधी काहीही न लिहिता, फक्त वाचून, त्याची संपूर्ण प्रत काढा. दुरुस्तीचे जे काय प्रयोग करायचे ते त्या प्रतीवर करा.