दिवेलागणीचा हिशेब

मराठी चरित्रे आणि आत्मचरित्रे वाचणाऱ्याला एक प्रसंग वारंवार भेटतो. चरित्रनायक गरीब असतो, घरातल्या दिव्यात पुरेसे तेल नसते, आणि तो रस्त्यावरच्या कंदिलाखाली बसून अभ्यास करतो. वर्गात आपण हा प्रसंग जिद्दीचा दाखला म्हणून शिकवतो. पण त्यात आणखी एक नोंद असते : घरातला उजेड महाग होता, तो मोजून वापरावा लागे, आणि कोणी किती वेळ वापरायचा हे घरातले वडीलधारे ठरवीत. तारेच्या साध्या बल्बाची जागा एलईडी दिव्याने घेतली, या अलीकडच्या घटनेकडे बहुधा वीजबिलातील बचत म्हणून पाहिले जाते. आम्हांला ती या जुन्या हिशेबाच्या संदर्भात पाहावीशी वाटते. त्यासाठी रायगडचा किनारा आम्ही निवडला आहे. कारण तेल, रॉकेल, बल्ब आणि एलईडी अशी दिव्याची चारही युगे येथे आपापल्या खुणा ठेवून गेली आहेत.

पहिले युग घाण्याचे. या किनाऱ्यावर दिव्याचे तेल गावातच निघे. उंडी आणि करंज यांच्या बियांचे तेल कडू, म्हणून ते जाळायचे. तिळाचे आणि खोबऱ्याचे गोडे, म्हणून ते ताटात आणि देवापुढे. अलिबाग, रेवदंडा, पेण या भागांत तेल गाळण्याचा व्यवसाय करणाऱ्यांत बेने इस्राएल समाज होता. आपले पूर्वज नौगावजवळ जहाज फुटून किनाऱ्याला लागले, अशी या समाजाची परंपरा सांगते. शब्बाथ पाळून शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून गावकरी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. अलिबागेत आजही इस्राएल आळी आहे. ज्यांच्या घाण्यातून गावाच्या दिव्यांसाठी तेल येई, त्यांचा स्वतःचा शब्बाथही शुक्रवारी सूर्यास्तापूर्वी दिवा लावूनच सुरू होई.

या व्यवस्थेत उजेडाची किंमत प्रत्येकाला डोळ्यांनी दिसे. बी कोणत्या झाडाचे, घाणा कोणाचा, बुधल्यात तेल किती उरले, हे घरातल्या पोरासही ठाऊक असे. समईत वाती किती लावायच्या हा प्रश्न धर्माचा होता, तसा काटकसरीचाही होता. दिवा ‘विझवू’ नये, ‘मालवावा’, हा भाषेचा संकेतही याच घरातला. त्यामागे अशुभाची भीती होती हे खरे, पण उजेडाविषयीचा एक आदरही होता.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आधी अमेरिकेचे आणि मग रशियाचे खनिज तेल मुंबई बंदरात उतरू लागले आणि तेथून पत्र्याच्या डब्यांतून किनाऱ्यावर पसरले. ‘घासलेट’ हा शब्द ‘गॅसलाइट’चे मराठी रूप मानला जातो, तर ‘रॉकेल’मध्ये खडकातल्या तेलाचे इंग्रजी नाव ऐकू येते. दोन्ही शब्द उजेडाचा उगम दूर गेल्याची साक्ष देतात. घाण्याच्या तेलापेक्षा हे तेल स्वस्त पडे आणि अधिक उजळ जळे. पण त्याला वास होता, धूर होता, आणि ते देवापुढे चालत नसे. पुढे ‘घासलेटी’ हे हलक्या वाङ्मयाचे विशेषण झाले, ते काही योगायोगाने नव्हे. मात्र एक गोष्ट बदलली नाही. कंदिलाची वात बारीक करणे, काच राखेने पुसणे, चिमणी फक्त स्वयंपाकघरापुरती ठेवणे, हे सारे हातानेच होत राहिले. तेल परदेशी झाले, पण त्याचा हिशेब घरातच राहिला.

तो हिशेब घराबाहेर नेला विजेने, आणि येथे या जिल्ह्याचा इतिहास विलक्षण आहे. १९८१पर्यंत कुलाबा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या जिल्ह्यात, सह्याद्रीच्या पायथ्याशी, टाटांची तीन जलविद्युत केंद्रे उभी राहिली : खोपोली १९१५, भिवपुरी १९२२ आणि भिरा १९२७. घाटमाथ्यावर धरणे बांधायची, पूर्वेला वाहणारे पाणी अडवून पश्चिमेला वळवायचे आणि नळांतून कोकणात कोसळवायचे, अशी ही योजना. वीज मात्र निघाली मुंबईसाठी. ती आधी मुख्यत्वे कापडगिरण्यांना आणि पुढे शहराच्या गाड्यांना व घरांना मिळाली. भिऱ्याला पाणी पुरवणाऱ्या मुळशी धरणात मावळातली गावे बुडणार होती. त्याविरुद्ध १९२१मध्ये सुरू झालेला सत्याग्रह सेनापती बापटांच्या नावाने आपल्याला परिचित आहे.

त्या पाण्याचा पुढचा प्रवास मात्र फारसा कोणी लक्षात घेत नाही. भिऱ्याच्या जनित्रांतून सुटलेले पाणी कुंडलिका नदीत येते, रोह्यावरून वाहते आणि रेवदंड्याच्या खाडीत समुद्राला मिळते. म्हणजे ज्या पाण्याने वीज निर्माण केली, तेच पाणी दररोज या किनाऱ्याच्या दारावरून जात होते, आणि त्या काळी किनाऱ्यावरच्या बहुतेक खेड्यांत रॉकेलच जळत होते. खेड्यापाड्यांच्या विद्युतीकरणाला खरी गती आली ती १९६०मध्ये महाराष्ट्र राज्य वीज मंडळ स्थापन झाल्यानंतर.

वीज आली तेव्हा अनेक घरांत ती एका बल्बाच्या रूपाने आली. चाळीस किंवा साठ वॅटचा एक बल्ब ओटी आणि माजघर यांच्यामधल्या दारावर अशा बेताने टांगायचा की दोन्हीकडे उजेड पडावा. मराठी माणूस विजेला ‘लाईट’ म्हणतो, लाईट येते आणि लाईट जाते, विजेच्या बिलाला लाईटबिल म्हणतो, यामागे बल्ब हीच विजेची पहिली ओळख असल्याचे कारण आम्हांला दिसते. वस्तुतः हा बल्ब दिवा कमी आणि शेगडी जास्त. टंगस्टनची तार तापवून तो प्रकाश देतो, आणि त्याने घेतलेल्या विजेतला शेकडा पाचांच्या आसपास भागच दृश्य प्रकाश होतो. बाकीची बहुतेक उष्णता. पण ही उधळपट्टी घरात दिसत नाही. बुधल्यातले तेल कमी होताना दिसे. मीटरची चकती फिरताना कोणी पाहत बसत नसे. उजेडाची खरी किंमत मुळशीच्या खोऱ्यात भरली गेली, आणि घरात पोचला तो महिन्याकाठी एक कागद. ‘झिरोचा बल्ब’ हे नाव या विस्मरणाचे उत्तम उदाहरण ठरावे. तो शून्य वॅटचा कधीच नव्हता. दहा-पंधरा वॅट वीज तो रात्रभर घेत असे.

तरीही हा बल्ब घराशी काही बोलत असे, हे मान्य करावे लागेल. विजेचा दाब उतरला की तो तांबूस होई, चढला की पांढरा पडून एखाद्या वेळी उडे. पावसाळ्यात तारांवर काय चालले आहे ते बल्बाच्या रंगावरून कळत असे.

एलईडी येईपर्यंत बराच काळ गेला. लाल आणि हिरवे एलईडी पूर्वीच होते. निळा साधत नव्हता आणि त्यावाचून घरात लावण्याजोगा पांढरा प्रकाश मिळत नव्हता. तो साधणाऱ्या आकासाकी, आमानो आणि नाकामुरा या तिघांना २०१४चे भौतिकीचे नोबेल मिळाले. भारतात केंद्र सरकारने जानेवारी २०१५मध्ये, पुढे ‘उजाला’ या नावाने ओळखली गेलेली, एलईडी वाटपाची योजना सुरू केली. मोठ्या खरेदीमुळे एका बल्बाची सरकारी खरेदीची किंमत २०१४मधल्या सुमारे ३१० रुपयांवरून २०१६मध्ये चाळिसाच्या खाली आली. हिशेब सोपा आहे. साठ वॅटचा बल्ब रोज पाच तास लावला तर वर्षाला सुमारे ११० युनिटे. तितकाच उजेड देणारा नऊ वॅटचा एलईडी सोळा-सतरा युनिटांत भागवतो.

या बदलाचे सर्वांत बोलके उदाहरण घारापुरी हे बेट. रायगड जिल्ह्याच्या उरण तालुक्यातले, मुंबईहून नजरेच्या टप्प्यात असलेले, लेण्यांसाठी जगप्रसिद्ध. तेथील राजबंदर, शेतबंदर आणि मोराबंदर या वाड्या दशकानुदशके डिझेल जनरेटरवर संध्याकाळचे काही तास उजेड मिळवीत होत्या. समुद्राखालून सुमारे साडेसात किलोमीटरची केबल टाकून अखंड वीज तेथे पोचली ती फेब्रुवारी २०१८मध्ये. मुंबईचा झगमगाट पिढ्यान्‌पिढ्या पाहणाऱ्या या वाड्यांत वीज स्थिरावली तेव्हा साध्या बल्बाचे युग जवळजवळ संपले होते. आता ‘लाईट आली’ या वाक्यात दिव्याचा वाटा सर्वांत लहान होता. पंखा, फ्रीज आणि मोबाइल यांचा मोठा.

आमचे म्हणणे येथे सुरू होते. एलईडीने काटकसर परत आणली, पण ती यंत्रात आणली, माणसात नव्हे. या दिव्याच्या बुडाशी असलेले छोटे विद्युत्‌मंडल दाब थोडाफार उतरला तरी उजेड सारखा ठेवते. त्यामुळे तारांवरचा ताण आता डोळ्यांना कळत नाही. उजेड स्वस्त झाला की माणूस तो कमी वापरतो असेही नाही. कोळशाच्या बाबतीत जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १८६५मध्येच दाखवले होते की यंत्र जितके काटकसरी, तितका इंधनाचा एकूण खप वाढू शकतो. याचे प्रत्यंतर पाहायला या किनाऱ्यावरून फार दूर जावे लागत नाही. घरात बचत करणारा हाच दिवा मोठ्या नौकांवर प्रखर झोतांच्या रूपाने चढला, मासळी उजेडाकडे खेचून घेऊ लागला आणि पारंपरिक मच्छीमारांच्या तोंडचा घास गेला. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०१७मध्ये भारताच्या सागरी आर्थिक क्षेत्रात अशा मासेमारीवर बंदी घातली; तक्रारी त्यानंतरही थांबल्या नाहीत. कोळ्याच्या घरातला नऊ वॅटचा दिवा आणि समुद्रावरचा तो झोत यांचे तंत्र एकच आहे. किती उजेड पुरे, हे तंत्र सांगत नाही.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आदळले. श्रीवर्धन, मुरूड, म्हसळा या भागांत खांब कोसळले आणि कित्येक गावे आठवडेच्या आठवडे अंधारात राहिली. गावातला घाणा केव्हाच गेला होता, रेशनचे रॉकेलही बहुतेक घरांतून हद्दपार झाले होते. तेव्हा मेणबत्ती, विजेरी आणि मोबाइलचा उरलेला चार्ज यांचा हिशेब घरोघरी सुरू झाला. कोणी किती वेळ वापरायचे, हे पुन्हा वडीलधारे ठरवू लागले.

हे जुन्या दिव्यांचे गौरवगान नाही. धुराने डोळे चुरचुरत भाकऱ्या थापणाऱ्या बाईला चिमणीचे काव्य ऐकवणे क्रूरपणाचे ठरेल, आणि सात पट कमी वीज घेणारा दिवा नाकारणे मूर्खपणाचे. आमचे सांगणे वाचनाविषयी आहे. मराठी कथेत वा आत्मकथनात दिवा लागतो तेव्हा तो वातावरणनिर्मितीचा तपशील म्हणून सोडून देऊ नये. त्यात कोणते तेल आहे, ते कोठून आले, त्याचे पैसे कोणी भरले आणि त्या उजेडात कोणाला बसू दिले, हे प्रश्न विद्यार्थ्यांना विचारावेत. एलईडीच्या काळात वाढलेल्या पिढीला ते आपोआप सुचणार नाहीत. तिच्या घरातल्या दिव्याने तिला कधी विचारायला लावलेलेच नाही.