धुराची फिर्याद आणि गणिताची साक्ष

शेजाऱ्याच्या चुलीचा धूर आपल्या माजघरांत शिरला, तर तंटा कोणाशीं करावयाचा हें कळतें. परंतु तोच धूर शेंकडों कोस जाऊन परराष्ट्राच्या तळ्यांत आम्ल होऊन उतरला, तर फिर्याद कोणावर करावी? इ. स. १९६७ मध्यें स्वान्ते ओडेन या स्वीडिश मृदाशास्त्रज्ञानें असें मांडलें कीं, स्वीडनच्या आम्लयुक्त पावसाचें मूळ इंग्लंड व मध्य युरोप येथील गंधकयुक्त धुरांत आहे. १९५२ च्या डिसेंबरांतील जीवघेण्या धुक्यानंतर इंग्रजांनीं लंडनची हवा सुधारली खरी. पण वीजकेंद्रांची धुरांडीं उंच बांधणें हाहि त्यांचा एक उपाय होता. आपलें अंगण झाडून केर पलीकडे लोटण्याचाच हा प्रकार, असें आम्हांस वाटतें.

धुरावर कोणाचा शिक्का नसतो; म्हणून गणिताची साक्ष काढावी लागली. १९७७ पासून चाललेल्या युरोपीय निरीक्षणयोजनेंत खंडाचा नकाशा दीडशें किलोमीटरांच्या चौरसांत विभागून, कोठें किती गंधक निघतो, वारा तो कोठें नेतो आणि पाऊस कोठें उतरवितो, याचा हिशेब संगणकावर मांडला जाऊं लागला. पुढें १९७९ त जिनीव्हा येथें करार झाला. १९८५ त हेलसिंकी येथें सर्वांसाठीं शेंकडा ३० कपात ठरली, तेव्हां इंग्लंडनें सही केली नाहीं. सरसकट कपातींत समता असली तरी शास्त्र थोडेंच होतें. कारण चुनखडीची जमीन जितकें आम्ल पचविते तितकें ग्रॅनाइटची पचवीत नाहीं. व्हिएन्नाजवळ लाक्सेनबुर्ग येथील संस्थेंत तयार झालेल्या ‘रेन्स’ या संगणकीय आराखड्यानें हाच भेद हिशेबांत घेतला. ही संस्था पूर्व-पश्चिम दोन्ही गटांनीं १९७२ त मिळून काढलेली. त्यामुळें तिच्या आंकड्यांवर पक्षपाताचा आरोप करणें कठीण होतें. १९९४ च्या ऑस्लो करारांत प्रत्येक राष्ट्राचा वांटा निराळा ठरला, आणि इंग्लंडनें २०१० पर्यंत शेंकडा ८० कपात मान्य केली.

हीच फिर्याद आतां दिल्ली, पंजाब आणि हरियाणा यांच्यांत आहे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानसंस्थेनें २०१८ त दिल्लीसाठीं प्रदूषणाचा पूर्वइशारा देण्याची व्यवस्था सुरू केली. वीजकेंद्रांत जळणारा कोळसा तोलतां येतो; उघड्यावर पेटलेला कचरा, लांकडाच्या चुली, भाताचीं धसकटें यांचा अंदाजच करावा लागतो. कोणत्या बांधावर कोणत्या दिवशीं काडी लागेल, हें पुण्याच्या यंत्रास आधीं कळत नाहीं. उपग्रहास आग दिसते ती लागल्यावर. ढगाखालची तर दिसतहि नाहीं.