पैठण रस्त्यावरचा हसरा देव

फाल्गुन लागला की चितेगावच्या रस्त्यावर टाळ ऐकू येतात. नाथषष्ठीच्या दिंड्या पैठणला निघालेल्या असतात. एका अंगाने कंपन्यांच्या बस, दुसऱ्या अंगाने पताका. लहानपणी माझं लक्ष मात्र रात्रीच्या भारुडाकडे असायचं. त्यात माझे काका नऊवारी नेसून एकनाथांचा ‘दादला’ करायचे. मिशी तशीच, वर डोक्यावरून पदर. बाया हसून हसून डोळे पुसायच्या.

एरवी वर्षभर आम्ही पोरं काकांना घाबरायचो. कारण ते प्यायचे. दिंडीच्या दिवसांत मात्र थेंबही नाही. आजी म्हणायची, “षष्ठीपुरतं माझं लेकरू मला माघारी मिळतं.”

पुढे कॉलेजात डायोनिससबद्दल वाचलं आणि पहिल्यांदा काकाच आठवले. ग्रीकांचा हा देव द्राक्षांचा, मद्याचा, मुखवट्यांचा आणि नाटकाचा. अथेन्समध्ये वसंतात, म्हणजे साधारण आपल्या फाल्गुन-चैत्रात, त्याचा मोठा उत्सव व्हायचा आणि त्यात नाटकांच्या स्पर्धा लागायच्या. इसवी सनापूर्वी 405 मध्ये अ‍ॅरिस्टोफेनिसने ‘बेडूक’ हे नाटक केलं ते याच देवाच्या हिवाळी उत्सवात. त्यात खुद्द डायोनिसस रंगमंचावर येतो. अंगात बायकी पिवळा झगा आणि वरून पहिलवानी सिंहाचं कातडं! लोक देवालाच हसतात, आणि ते हसणं हीच त्याची पूजा असते.

पण त्याच सुमारास युरिपिडीसचं ‘बाखाय’ही अथेन्सने पाहिलं. त्यात या देवाने चढवलेल्या उन्मादात एक आई सिंहाची शिकार केली म्हणून मिरवत येते. भानावर आल्यावर कळतं, हातात पोटच्या मुलाचं शीर आहे. हा देव हसवतो आणि घरही मोडतो, हे ग्रीकांना पक्कं माहीत होतं. म्हणूनच ते मद्यात पाणी मिसळून पीत. नुसतं मद्य पिणं त्यांना रानटीपणाचं वाटे.

त्यांचं मद्य आपल्या भागापर्यंत आलं होतं. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात भडोच बंदरात उतरणाऱ्या मालाची यादी आहे. त्यात मद्य आहे, आणि पहिली पसंती इटलीच्या मद्याला. याच ग्रंथात पैठणही आहे. भडोचहून दक्षिणेला वीस दिवसांची वाट, आणि पैठणहून गाड्या भरून रंगीत दगड बंदराकडे जात. पैठणजवळच्या नेवाशात उत्खननात अँफोरा सापडले, म्हणजे मद्य आणायचे दोन कानांचे उंच कुंभ. त्यांचे तुकडेच हाती लागले, पण माल घाट चढून आला होता हे त्यावरून कळतं.

मद्य आलं. मग तो हसरा देव आला का? मला वाटतं, त्याची गरजच नव्हती. तसा एक इथे आधीच होता.

आपल्याच जिल्ह्यात, कन्नड तालुक्यात, गौताळ्याच्या जंगलात पितळखोऱ्याची लेणी आहेत. पैठणच्या मितदेव नावाच्या सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याने तिथे दान दिल्याचा लेख आहे. 1950 च्या दशकात तिथला राडारोडा उपसताना एक यक्ष सापडला. ठेंगणा, ढेरपोट्या, दोन्ही हात वर करून डोक्यावर पात्र धरलेला आणि तोंडभर हसणारा. दोन हजार वर्षांपूर्वी कण्हदास नावाच्या सोनाराने तो घडवला, आणि तसं त्याच्यावर कोरलंही. यक्षांचा राजा कुबेर. मथुरेच्या कुषाणकाळातल्या शिल्पांत तो हाती मद्याचा पेला घेऊन बसलेला दिसतो. म्हणजे सुबत्ता, मद्य आणि हसू यांची सोयरीक आपल्याकडेही होती. पितळखोऱ्याचा यक्ष आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे.

पुढे सोळाव्या शतकात पैठणच्या एकनाथांनी भारुडं लिहिली. विंचू चावलेला माणूस, जोगवा मागणारी, नवऱ्याला वैतागलेली बाई. सोंग घ्या, लोकांना हसवा आणि हसता हसता देवाची गोष्ट सांगा. डायोनिससच्या उत्सवात जे होतं, त्यातलं बरंच इथे आहे: सोंग, बाईचा वेश, गर्दी, रात्र, देवासमोर मोकळं हसणं. फक्त पेला नाही.

मी दारूवर प्रवचन द्यायला बसलेलो नाही. आपलं शहर बिअरच्या कारखान्यांसाठी ओळखलं जातं, आणि त्यावर कितीतरी घरं चालतात. पण प्यायल्याशिवाय माणूस मोकळा होत नाही असं कुणी म्हटलं की मला काका आठवतात. ते सगळ्यांत मोकळे शुद्धीत असताना व्हायचे, अंगावर साडी आणि समोर गाव असताना. उरलेल्या वर्षात त्यांना तशी जागा कुणी दिली नाही. आम्हीही नाही.

काका पन्नाशीच्या आत गेले. लिव्हरने.

यंदा दिंडी मुक्कामाला होती तेव्हा मी गावीच होतो. काकांच्या जागी एक पोरगा उभा राहिला, कोवळी मिशी, डोक्यावरून पदर. मी मोबाइल काढून व्हिडिओ घ्यायला लागलो. स्क्रीनवर पुढच्या रांगेत काकू दिसली. पदराने डोळे पुसत होती, आणि हसत होती.