पेटी, पियानो आणि उतारवयातला विद्यार्थी

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्याने विचारलं होतं, "सर, निवृत्तीनंतर तुम्ही करता काय?" त्या दिवशी आम्ही उत्तर टाळलं. आज सांगून टाकतो. वयाच्या बहात्तराव्या वर्षी आम्ही चिंचवडमधल्या एका क्लासमध्ये पियानो शिकायला जाऊ लागलो. पियानो म्हणजे विजेवर चालणारा, पण पट्ट्या पूर्ण ८८. शेजारच्या पियानोवर नऊ वर्षांची एक मुलगी बसते. ती मधूनच म्हणते, "आजोबा, अंगठा चुकला." आणि तो खरोखरच चुकलेला असतो.

या प्रसंगाला तत्त्वज्ञानाच्या इतिहासात एक जुना दाखला आहे. प्लेटोच्या 'युथिडेमस' संवादात सॉक्रेटिस सांगतो की आपण म्हातारपणी कोन्नस नावाच्या शिक्षकाकडे तंतुवाद्य शिकायला जातो. बरोबरची पोरं आपल्याला हसतात, आणि बिचाऱ्या कोन्नसलाही 'म्हाताऱ्यांचा मास्तर' म्हणून चिडवतात. हा संवाद आम्ही कितीतरी वर्षं वर्गात शिकवला, पण या ओळींवर कधी थांबलो नाही. पुढचा युक्तिवाद महत्त्वाचा वाटायचा. आता वाटतं, इथेच थांबायला हवं होतं.

तर आजचा विषय असा. हे काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं वाद्य आपल्याकडे कसं आलं, कोणाच्या हाताखाली गेलं, आणि उशिरा येणाऱ्याला त्याच्यासमोर बसायचा अधिकार आहे की नाही.

पियानो जन्मला इटलीत. फ्लॉरेन्सच्या मेडिची दरबारातल्या बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरीने १७०० च्या सुमारास तो घडवला. त्यात पट्टी दाबली की हातोडी तारेवर पडते. बोट जोरात पडलं तर आवाज मोठा, हळू पडलं तर लहान. इंग्रजांबरोबर तो आपल्याकडे आला, पण चर्च, लष्करी छावण्या आणि मोजकी श्रीमंत घरं यांपलीकडे फारसा गेला नाही. वजन प्रचंड, किंमत मोठी, आणि आपल्या पावसाळ्यात लाकूड फुगतं, तारा उतरतात.

मराठी घरात पट्ट्या आल्या त्या पेटीच्या रूपाने. हार्मोनियमचं पेटंट पॅरिसच्या अलेक्झांडर दबँ याने १८४२ मध्ये घेतलं. ते पायाने भाता मारायचं, खुर्चीवर बसून वाजवायचं वाद्य होतं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी त्याची हातपेटी रूढ केली. आता जमिनीवर मांडी घालून वाजवता येऊ लागलं. हा बदल दिसतो लहान, पण त्याचा एक परिणाम आमच्या आजच्या गोष्टीसाठी मोठा आहे. भाता डाव्या हाताकडे गेला आणि पट्ट्या फक्त उजव्या हाताकडे राहिल्या. पियानोवर दोन्ही हात सूर वाजवतात. पेटीवर एक हात गातो आणि दुसरा त्याला श्वास पुरवतो.

पुढे काय झालं ते आपल्या बोलण्यातच दिसतं. पियानोला कधी हातही न लावलेला गवई सांगतो, "माझी पट्टी काळी चार." भजनातला बुवा म्हणतो, "आज पांढरी एक घ्या, घसा बसलाय." गोविंदराव टेंबे (१८८१–१९५५) यांच्यासारख्यांनी पेटीला मैफलीत मान मिळवून दिला, १९११ च्या 'संगीत मानापमान'चं संगीतही त्यांचंच. पण विरोधही तितकाच होता. पेटीवर मींड निघत नाही, तिच्या श्रुती ठरीव, हा आक्षेप खरा आहे. त्यावर उपाय शोधायला कोण बसलं, तर कृष्णाजी बल्लाळ देवल नावाचे एक सेवानिवृत्त डेप्युटी कलेक्टर. बावीस श्रुतींवरचं त्यांचं इंग्रजी पुस्तक १९१० सालचं. पुढे ई. क्लेमेंट्स या आय.सी.एस. अधिकाऱ्याच्या साथीने त्यांनी श्रुती-हार्मोनियमचा खटाटोप केला. तो फारसा रुजला नाही, ही गोष्ट वेगळी. पेन्शनीत निघालेल्या माणसाने पट्ट्यांपुढे बसणं काही आजचं नाही, एवढंच आम्हाला म्हणायचं आहे. १९४० मध्ये तर ऑल इंडिया रेडिओने पेटीवर बंदीच घातली, ती तीसेक वर्षं टिकली. भजनी मंडळांनी मात्र या बंदीची दखलही घेतली नाही.

आता आपल्या भागाकडे येऊ. १९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली. १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली. त्याच दशकात टेल्को आणि बजाज ऑटोसारखे कारखाने इथे उभे राहिले. १९८२ मध्ये महानगरपालिका झाली, आणि नंतर औद्योगिक पट्टा चाकणपर्यंत पसरला. सातारा, सोलापूर, मराठवाडा, कोकण इथून माणसं आली आणि येताना भजनं घेऊन आली. देहू आणि आळंदी तर हाकेच्या अंतरावर. पण संगीत रीतसर शिकायचं तर दर आठवड्याला ठरलेला वार आणि ठरलेली वेळ लागते. पाळी दर आठवड्याला बदलणाऱ्या कामगाराकडे तेवढंच नसतं. विष्णू दिगंबर पलुसकरांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, तेव्हापासून संगीत शिकायला घराण्यात जन्म घ्यायची गरज उरली नाही. फी भरा, वर्गात बसा, परीक्षा द्या. पण ते दार संध्याकाळी सहाला उघडायचं, आणि सहाला आपला माणूस सेकंड शिफ्टला मशीनवर उभा असायचा.

आमच्या क्लासमध्ये असे एक गृहस्थ आहेत. वय त्रेसष्ट, खेड तालुक्यातले. त्यांना विचारूनच सांगतो आहोत. "नाव नको, गोष्ट सांगा," असं ते म्हणाले. तरुणपणी ते गावच्या मंडळात पेटी वाजवायचे. पुढे एका लहान प्रेसशॉपमध्ये कंत्राटावर लागले. पॉवर प्रेसला दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी एकदम दाबल्याशिवाय प्रेस खाली येऊ नये, म्हणजे हात डायपासून लांब राहतात. माल लवकर निघावा म्हणून तिथे एक बटण बांधून ठेवलेलं होतं. यंत्राला संरक्षण हवं, असं १९४८ चा कारखाने अधिनियम कलम २१ मध्ये सांगत होता. कायदा कागदावर होता, हात मशीनमध्ये होता. उजव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट, दोन्ही दुसऱ्या पेरापासून गेली. पेटी सुटली. तीस वर्षं ते मंडळात मागे बसून टाळ वाजवतात.

इथे आम्हाला ॲरिस्टॉटलशी भांडावंसं वाटतं. 'पॉलिटिक्स'च्या आठव्या भागात तो म्हणतो की मुलांनी वाद्य शिकावं, कारण स्वतः वाजवल्याशिवाय संगीताची पारख येत नाही. वय झाल्यावर मात्र वाजवणं सोडून द्यावं. पोटासाठी वाजवणाऱ्याला तो मजुराच्या रांगेत बसवतो, आणि हाताने राबणाऱ्याला चांगल्या नागरिकाच्या रांगेतून उठवतो. म्हणजे आमचे हे मित्र दोनदा बाद: म्हातारे म्हणून आणि कामगार म्हणून. आणि हाच ॲरिस्टॉटल आपल्या नीतिशास्त्रात सांगतो की माणूस वीणावादक होतो तो वीणा वाजवूनच. मग ज्याला तरुणपणी वाजवायला सवडच मिळाली नाही, त्याने कधी वाजवावं? याचं उत्तर त्याच्याकडे नाही, कारण त्याच्या नगरात हा प्रश्न विचारणारा माणूस सभेत बसतच नव्हता.

तत्त्वज्ञानाच्याच घरातलं दुसरं उदाहरण जास्त उपयोगी आहे. लुडविग विट्गेनस्टाईनचा थोरला भाऊ पाऊल हा पियानोवादक. १९१४ मध्ये युद्धात त्याचा उजवा हात गेला. रशियनांच्या कैदेत असताना लाकडी खोक्यावर कोळशाने पट्ट्या काढून तो डाव्या हाताचा सराव करायचा. पुढे संगीतकार राव्हेलने त्याच्यासाठी फक्त डाव्या हाताची रचना केली आणि ती १९३२ मध्ये व्हिएन्नात वाजली. आम्ही ही गोष्ट सांगितली तेव्हा आमचे मित्र म्हणाले, "त्यांचा डावा आधीच शिकलेला होता सर. माझा तर भात्यावर होता."

खरं आहे. आमचाही डावा हात तसाच. उजवा बरा चालतो, आणि दोन्ही एकत्र आले की डावा थांबून उजव्याकडे बघत बसतो. बाई आम्हाला एकेक हात सुटा, चार मात्रांपुरता, अगदी सावकाश वाजवायला लावतात. रोज वीस मिनिटं. पाच ओळींची स्वरलिपी आणखी त्रास देते. आपला 'सा' कुठल्याही पट्टीवर बसतो, तिथला सी मात्र जागचा हलत नाही. वर्षभराने मित्रांचं जमलं ते असं: डावा हात भजनाच्या शेवटच्या गजराची चाल वाजवतो, आणि उजव्याचा अंगठा 'सा' धरतो, करंगळी 'प'. मधली दोन बोटं लागतच नाहीत. बाईंनी हे सुचवलं त्या दिवशी ते काही बोलले नाहीत. रुमाल काढून त्यांनी पट्ट्या पुसल्या.

आता मंडळात वाद आहे. कार्तिकी एकादशीला त्यांनी कीबोर्ड घेऊन बसावं, असं तरुण म्हणतात. दोघा ज्येष्ठांचं म्हणणं, "हे वारकऱ्यांचं वाद्य नव्हे, विलायती आहे. पेटी वाजवणारा वाजवील." आम्हाला विचारलंत तर आमचं उत्तर वर येऊन गेलंच आहे. पेटीसुद्धा पॅरिसहून आली, रेडिओने तीही बाहेर ठेवली होती, आणि आज तिच्यावाचून भजन सुचत नाही. कोण कुठलं वाद्य घेऊन बसतो, यापेक्षा तीस वर्षं मागे बसलेला माणूस पुढे येतो आहे, हे मंडळाने पाहावं. निर्णय अर्थात त्यांचा आहे.

असो, वेळ झाली. उद्या आमचा धडा आहे आणि डाव्या हाताची तयारी झालेली नाही. ती मुलगी विचारणारच. प्रश्न असतील तर जरूर पाठवा.