टेप चोरीला गेली तरी डेटा सुरक्षित कसा राहतो?

फेब्रुवारी २०११ मध्ये काही जीमेल वापरकर्त्यांचे इनबॉक्स अचानक रिकामे झाले. सॉफ्टवेअरमधल्या बगचा फटका डेटाच्या अनेक प्रतींना बसला होता. गुगलने हे मेल परत मिळवले ते चुंबकीय टेपवरून! कपाटातली टेप नेटवर्कला जोडलेली नसल्याने बग किंवा रॅन्समवेअर तिच्यापर्यंत पोहोचत नाही.

पण टेपच चोरीला गेली तर? २००७ साली आलेल्या एलटीओ-४ पासून ड्राइव्हमध्येच एन्क्रिप्शनची सोय मिळू लागली. ती सुरू केली की डेटा टेपवर लिहितानाच २५६ बिटच्या एईएस पद्धतीने कुलूपबंद होतो. कुलपाची डिजिटल किल्ली टेपवर नसते, वेगळी ठेवतात. त्यामुळे चोराला काहीच वाचता येत नाही. मात्र किल्ली हरवली, तर मालकालाही नाही. म्हणून बॅकअप किल्लीचाही हवा.